बबनच्या मिशीची पैज

निष्ठा कशाला म्हणतात, ते आमच्या डोळखांबच्या बबनला विचारा. मारधाडीच्या एका जुन्या व्हिडिओ गेमचा तो भक्त. त्यातल्या योद्ध्यासारखी झुपकेदार मिशी त्यानं कॉलेजपासून जोपासलेली. तोच गेम आता नव्यानं येणार म्हणून ट्रेलर आला. पण आमच्याकडे रेंज अशी, की योद्धा मान खाली घालून गुडघ्यावर बसला आणि ट्रेलर तिथंच अडकला. मग आठवडाभर वाद!

"मेला रे तुझा हिरो. आता नवा आणतील," त्याचा मिशीवाला दोस्त पांडू म्हणाला.

"तो मरत नाय! मेला तं मी मिशी उतरवीन. आन् उठला तं तू उतरव."

शेवटी दोघांना घेऊन मी शहापूरला गेलो. तिथं ट्रेलर पूर्ण चालला. योद्धा उठला, त्यानं सगळ्यांना लोळवलं आणि मान वर केली. पण नव्या गेममध्ये त्याला मिशीच नव्हती!

पैजेप्रमाणे पांडू न्हाव्याच्या खुर्चीत बसला. शेजारच्या खुर्चीत बघतो तर बबन.

"अरे, तू तं जिकलास ना?"

"त्यानं काढली, मंग आमी ठेवणारे कोण?"

संध्याकाळी बबननं स्वतःच्या घराचं दार वाजवलं. वहिनी म्हणाली, "ते शहापूरला गेलेत, पावणं. ओट्यावर बसा."

आणि गडी निमूट बसला!