एस्टोनियाचा कौल

दि. १८ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११ वाजून १० मिनिटे

मी गंगाराम विठू परब, वय ४९ वर्षे, शिक्षण दहावी, धंदा ग्रामीण डाकसेवक, राहणार माडवाडी, आचऱ्याच्या पुढे पाच किलोमीटर, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील ठिकाणी एकटा राहतो. माझी पत्नी सुनीती मागील चैत्रात वारली. मुलगी लग्न होऊन कुडाळला असते. वाडीतील श्री देव रवळनाथाच्या देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालण्याचा, म्हणजे देवापुढे मागणे मांडण्याचा, मान आमच्या घराकडे आहे. वडिलांच्या मागे गेली एकोणीस वर्षे मी तो सांभाळतो. देवाची पूजा मधू गुरव, वय ५६, यांच्याकडे आहे. देवाला कौल लावायचा असेल तेव्हा मी गाऱ्हाणे घालून प्रश्न विचारतो आणि मधू गुरव पाषाणाच्या उजव्या व डाव्या अंगास ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एकही पडली नाही तर देव बोलला नाही असे समजून उठायचे, अशी रीत आहे.

रविवार दि. १६ रोजी संध्याकाळी आठच्या सुमारास देवळात मधू गुरव यांना ढकलून पाडण्यात आले. त्यांच्या डाव्या मनगटाचे हाड मोडले. त्यांची मुलगी तेजस्वी हिने तक्रार दिली आहे. येत्या गुरुवारी गावाची बैठक असून मधू यांच्याकडून पूजा काढून घ्यायची हे ठरल्यात जमा आहे. पूजा गेली की देवळामागचे घरही जाते, कारण ते पूजेबरोबरचे आहे. या बाबतीत मला साक्षीसाठी बोलावले. बोलावले नसते तरी मी आलो असतो, हे लिहून घ्यावे.

वाडीतील सुदेश पालव व संचिता पालव यांची मुलगी गौरजा, वय २२, ही गाते. तालुक्याच्या स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता, दुसरा मधू गुरवांच्या तेजस्वीचा. पुढे गौरजाची 'विश्वस्वर' या टीव्हीवरील आंतरराष्ट्रीय गाण्याच्या स्पर्धेत भारतातर्फे निवड झाली. अंतिम फेरीत अठरा देश होते. ही फेरी जपानातील ओसाका येथे रविवारी होणार होती आणि आपल्याकडे दुपारी साडेचारपासून दाखवणार होते. प्रत्येक देशातील प्रेक्षकांनी मोबाइलवरून मते द्यायची, त्यांवरून त्या देशाचे गुण ठरायचे. सर्वांत जास्त मते मिळतील त्याला त्या देशाचे दहा गुण.

गुरुवार दि. १३ रोजी संध्याकाळी देवळाच्या मंडपात मंडळी जमली. कट्टा बाजारात मोबाइलचे दुकान असलेला सिराज काझी मोठा पडदा लावून देणार होता, त्यासाठी तो आला होता. त्याने नियम वाचून सांगितला की आपल्या देशाच्या गायकाला आपण मत देऊ शकत नाही. यावर मोठा गोंधळ झाला. गावातील ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांना सर्व जण भाई म्हणतात, ते उठून उभे राहिले.

"आमच्या चेडवाक आमी मत दिवचा नाय? ह्यो खंयचो कायदो रे?"

सिराज म्हणाला, "भाई, जगाचो कायदो आसा."

"जगाक सांग, माडवाडीत ह्यो चलाचो नाय."

"बरा, सांगतंय. जगाचो नंबर माझ्याकडे सेव आसा."

लोक हसले. मग मते कोणाला द्यायची यावर दीड तास चर्चा झाली. कोणी म्हणाले कोरियाला देऊ नका, तो भारी आहे. कोणी म्हणाले जो सर्वांत वाईट गातो त्याला द्या. सिराजने सांगितले, "ऐकशात तर कोणाकच देव नकात. गप बसलास तर आपल्या गौरजाचो फायदो." हे एकच वाक्य त्या दिवशी शहाणपणाचे होते. त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. गौरजाचे वडील सुदेश म्हणाले, "देवाक इचारूया." सगळ्यांनी माना डोलावल्या.

हा विषय देवाला विचारण्याचा नव्हे, असे मी म्हणालो. एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणायला हवे होते.

शुक्रवारी सकाळी साडेसात वाजता कौल लावला. मंडपात साठएक माणसे होती. गाभाऱ्यात मधू गुरव आणि उंबऱ्यावर मी. सिराजने गाण्याच्या क्रमाने लिहून दिलेली देशांची यादी माझ्या हातात होती. मी गाऱ्हाणे घातले की, बा देवा म्हाराजा, आमचा चेडू सातासमुद्रापलीकडे गाणा म्हणूक गेलेला आसा, त्याच्या वाटेत काय इडा-पिडा आसात ती दूर कर, आणि आमी मता खंयच्या देशाच्या पदरात टाकूची ता आमका दाखव. लोकांनी नेहमीप्रमाणे "व्हय म्हाराजा" म्हटले. देवासमोर मी आजवर पीक, पाऊस, लग्न, आजार, हरवलेली म्हैस हे सर्व विचारले आहे. फिनलंड हे नाव देवापुढे घेताना मला लाज वाटली.

फिनलंडला डावी पडली. मेक्सिको डावी. अशा पाच देशांना डावी पडली; चौथे नाव आपले, ते वगळले. प्रत्येक नावाला पाकळ्या नव्याने लावायच्या, वाट पाहायची. पावणेदोन तास गेले. मंडपातून आवाज येत होते, "माका नऊची गाडी गावाक व्हयी", "देवाक भूगोल येना नाय काय?" सातवे नाव एस्टोनियाचे होते. लोकांनी ऐकले ते असे की एस्टोनियाला उजवा कौल झाला. प्रत्यक्षात काय झाले ते मी पुढे सांगतो.

त्याच दिवशी 'देवाचो कौल, सात नंबर' असा निरोप मोबाइलवरून फिरू लागला. तो मालवण, कुडाळ, मुंबईचे चाकरमानी, सर्वत्र गेला. पिंगुळीला राहणाऱ्या माझ्या आतेभावाकडे तो पाच वेगवेगळ्या लोकांकडून आला व त्याने तो मलाच पाठवला, खाली हात जोडलेले चित्र घालून.

रविवारी मंडपात तीनशेच्या आसपास लोक होते. गौरजा चौथी गायली. मला तिचे गाणे चांगले वाटले. ते संपल्यावर मंडपात जे बोलणे झाले ते थोडक्यात असे: कपडे असे कशाला, केस मोकळे कशाला, मालवणीतली एक ओळ तरी घालायची होती, हात फार हलवते, हात अजून हलवायला हवे होते. तिची आई संचिता पहिल्या रांगेत बसली होती. ती मागे वळून म्हणाली, "जरा गप रवशात? माका माझा चेडू बघूक दिया." त्यानंतरही कोणी गप्प बसले नाही.

एस्टोनियाची गायिका सातवी आली. पन्नाशीची बाई, साधा राखाडी झगा. खुर्चीवर बसून गायली. नाच नाही, धूर नाही. देवाने निवडलेली म्हणून आमच्या लोकांनी ती दिसताच टाळ्या वाजवल्या. भाई म्हणाले, "बाय दमलेली दिसता गो. जेवली असात मा?" मग सर्वांनी सात नंबर दाबला.

गुण वाचायला सुरुवात झाली तेव्हा साडेसहा वाजले होते. कुवेतने गौरजाला दहा गुण दिले. सिराजची बहीण शाझिया तिकडे असते, तिने ओळखीच्या सर्वांना कामाला लावले होते. लोकांनी सिराजला खांद्यावर घेतले. नंतर भारताने एस्टोनियाला दहा गुण दिले, तेव्हाही मंडपात टाळ्या झाल्या. याची नोंद घ्यावी. टाळ्या वाजवणारे हेच लोक होते.

पावणेआठला निकाल लागला. एस्टोनिया १४१, भारत १३६. गौरजा दुसरी. सिराज मोबाइलवर पाहत होता. तो म्हणाला, "भारतातसून सगळी मिळान सहा हजार मता पडली. त्येतली चार हजारच्या वर सात नंबराक. म्हणजे आपलीच." त्याने हे मोठ्याने बोलायला नको होते. पण तो खोटे बोलला नाही. बाकीच्या भारतात हा कार्यक्रम फारसा कोणी पाहतच नव्हते. आमचे दहा गुण नसते तर एस्टोनिया मागे राहिली असती. हा हिशोब समजायला लोकांना दोन मिनिटे लागली. त्यानंतर प्रत्येक जण दुसऱ्याला विचारू लागला की तू कशाला दाबलास.

देव चुकत नाही, हे सर्वांना मान्य होते. त्यामुळे चूक कोणाची हे शोधणे सुरू झाले. मागून कोणी ओरडले, "पाकळी मधूच्या हातात होती. त्येच्या चेडवाचो दुसरो नंबर इललो, ता त्येका खुपता." एवढे पुरेसे झाले. मधू गुरव त्या वेळी गाभाऱ्यात समईत तेल घालत होते, त्यांना बाहेर काय चालले आहे हे ठाऊकही नव्हते. सुदेश पालव धावत आत गेले. "माझ्या चेडवाचा वाटोळा केलंस मेल्या," असे म्हणून त्यांनी मधू यांना छातीला धरून मागे ढकलले. मधू पायरीवर डाव्या हातावर पडले. मी तीन हातांवर होतो. सुदेश यांनी ढकलताना मी स्वतः पाहिले. तेजस्वीने वडिलांना उठवले व लोकांकडे पाहून म्हणाली, "गौरजा माझी मैत्रीण आसा. मी पण साताचोच नंबर दाबलंय, तुमी सांगितलास म्हणान."

मधू यांना तेव्हा लोकांनी विचारले की पाकळी तू ढकललीस की नाही. ते म्हणाले, "मी ढकलूक नाय." याव्यतिरिक्त ते काही बोलले नाहीत. बोलण्यासारखे त्यांच्याकडे होते.

सोमवारी सकाळी गौरजाचा मला जपानहून फोन आला. तिचे वडील तिचा फोन उचलत नव्हते. तिला मारामारीचे कळले होते. ती म्हणाली, "काका, तिसऱ्या कडव्यात माझो सूर वर गेलो, ता माका तिथेच कळला. त्यात गुरवकाकांचो काय संबंध?" मग ती म्हणाली, "मी जगात दुसरी इलंय काका. ता गावात कोणाक दिसाक नाय काय?" कट्ट्याला सांगितलेले हार आणि आचऱ्याचे ढोलवाले सुदेश यांनी त्याच सकाळी रद्द केले होते. हे मी तिला सांगितले नाही.

हवालदारसाहेबांनी विचारले की कौलात फेरफार झाला होता काय, यावर सांगतो की, होय. फेरफार मधू गुरव यांनी केलेला नाही. मी केला.

शुक्रवारी एस्टोनियाचे नाव घेतल्यावर मधू यांनी पाकळ्या लावल्या. आम्ही बराच वेळ वाट पाहिली. एकही पडली नाही. मधू हळू आवाजात मला म्हणाले, "देव बोलना नाय. उठूया." रीतीप्रमाणे उठायला हवे होते. मी मंडपाकडे तोंड करून म्हणालो, "उजवो दिल्यान म्हाराजान!" लोक "व्हय म्हाराजा" म्हणाले. मधू यांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी दोन्ही पाकळ्या स्वतःच्या हाताने काढून ताम्हणात ठेवल्या.

असे का केले, या प्रश्नास उत्तर देतो की, लोक घाई करीत होते हे एक कारण आहे. पण ते खरे कारण नाही. त्या बाईचे गाणे मी आदल्या आठवड्यात मोबाइलवर ऐकले होते. सिराजने सर्व देशांची गाणी पाठवली होती. त्यातले शब्द मला कळत नाहीत. टपाल वाटताना ऐकले, घरी आल्यावर ऐकले, किती वेळा ते सांगता येणार नाही. शेवटी ती बाई गाणे थांबवून नुसती गुणगुणते, घरात काम करणारे माणूस गुणगुणते तसे. चैत्रापासून माझ्या घरात तो आवाज नाही. तिला चार मते आपल्या गावची मिळावीत असे मला वाटले. चार हजार होतील हे माझ्या ध्यानात आले नाही. गौरजाचे नुकसान व्हावे असे मनात कधीही नव्हते. परंतु नुकसान झाले आहे.

रविवारी देवळात मधू पडले तेव्हा मी हे बोलायला हवे होते. मी तीन हातांवर उभा होतो आणि बोललो नाही. सोमवारी दिवसभर टपाल वाटले. आज सकाळी इकडे येताना मी मधू यांच्या घरी गेलो. ते हात गळ्यात बांधून ओटीवर बसले होते. मी कुठे चाललो हे त्यांना सांगावे लागले नाही.

"गंगाराम, तू गप रव," ते म्हणाले. "पूजा गेली तर गेली. तुमच्या घराचो मान सात पिढ्यांचो आसा. आणि देवाक सगळा म्हायत आसा."

मी म्हणालो, "देवाक म्हायत आसा. गावाक नाय."

ते म्हणाले, "मगे चाय घेवन जा."

मी चहा घेतला आणि आलो.

हवालदारसाहेबांनी मला समजावले की खोटा कौल सांगणे यास कोणतेही कलम नाही, तेव्हा हा भाग जबाबात घालण्याची आवश्यकता नाही, मारहाणीपुरते सांगितले तरी चालेल. मी त्यांना विनंती केली की कलम नसेल तर नसो, परंतु हे सरकारी कागदावर असले पाहिजे. गावात मी तोंडी सांगितले तर लोक म्हणतील, गंगाराम मोठ्या मनाचा, गुरवाला पाठीशी घालतो. मला ते ओळखून आहेत. या जबाबाची नक्कल मिळण्यासाठी मी वेगळा अर्ज केला आहे. गुरुवारच्या बैठकीत ती मी सर्वांसमोर वाचून दाखवणार आहे. त्यानंतर गाऱ्हाण्याचा मान कोणाकडे द्यायचा ते गावाने ठरवावे, मी पुन्हा उंबऱ्यावर उभा राहणार नाही. मधू गुरव यांची पूजा व घर यांना धक्का लागू नये, एवढेच माझे मागणे आहे. सुदेश पालव यांच्याविरुद्ध मी जे पाहिले ते वर सांगितले आहे, ते मी मागे घेत नाही. त्यांना राग येण्यास कारण होते, फक्त त्यांनी चुकीच्या माणसाला धरले.

जबाब लिहून झाल्यावर हवालदारसाहेबांनी तो मला पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. देव बोलला नव्हता, मी बोललो, हे जिथे लिहिले आहे तेवढा भाग मी पुन्हा एकदा वाचायला लावला. मी सांगितले तसेच लिहिले आहे. ते खरे आहे.

जबाब देणाराची सही,
गंगाराम विठू परब