आबांनी वाढवलेला स्पीड

(शेवगाव. सुनीलचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. काउंटरपुढे आरती आणि तिचे सासरे गहिनीनाथ.)

सुनील : तसा बिघाड काही नाही, ताई. कुणीतरी सॉफ्टवेअर टाकून प्रोसेसरचा स्पीड वाढवलाय.

आरती : मी नाही. मी त्यावर फक्त लग्नाचे व्हिडिओ एडिट करते.

सुनील : मोठा व्हिडिओ लावला की तापमान शंभरला टेकतं. मग जळू नये म्हणून तो आपणहून बंद पडतो.

आरती : मग हे ह्यांचंच काम. म्हणतच होते, माझ्या गेममुळे बंद पडत असेल. आबा, ऐकलं ना तुमच्या लेकाचं, ज्ञानेश्वरचं? परवा सूर्यभानअण्णांच्या निकिताच्या लग्नाचा व्हिडिओ द्यायचाय मला.

गहिनीनाथ : त्याला नको बोलू. म्या केलंय ते.

आरती : तुम्ही?

गहिनीनाथ : मंगळवारी तू नगरला गेल्तीस तवा.

सुनील : जमलं कसं तुम्हाला?

गहिनीनाथ : मोबाईलवर हिंदीतला व्हिडिओ हुता. सात-आठ बारी बघितला. आधीचे आकडे वहीत लिवून घेतले, मग तो सांगंल तसं एकेक वाढवत गेलो.

आरती : पण कशाला, आबा?

गहिनीनाथ : एका लग्नाला सहा-सहा तास लागत्यात म्हनायचीस. जेवाया बी उठत न्हाईस. बघतो की मी.

आरती : म्हणून बुधवारी तो बारशाचा छोटा व्हिडिओ पटकन निघाला. घरभर सांगत होते मी.

गहिनीनाथ : खूश हुतीस. म्हनलं, नंतर सांगू. गुरुवारपासून बंद पडाया लागला, मग भ्या वाटलं.

आरती : ह्यांना माहीत होतं?

गहिनीनाथ : व्हय. मीच सांगितलं. तो म्हनला, आबा, तुमी गप ऱ्हावा, माझ्यावर जाऊ द्या.

आरती : तीन दिवस काय काय बोलले मी त्यांना.

गहिनीनाथ : ऐकलं ना. म्हनून तर आज तुज्यासंगं आलो.

आरती : सुनीलभाऊ, निकिताच्या लग्नाचं शूटिंग तरी आहे का त्यात?

सुनील : सगळं आहे. प्रोसेसरही शाबूत आहे. पंख्यात धूळ भरलीय, ती काढतो आणि स्पीड पहिल्यासारखा करतो. तासाभरात घेऊन जा.

गहिनीनाथ : वही आनलीय मी. पयले आकडे हायत त्यात.

सुनील : त्याची गरज नाही, एका बटणात होतं ते. पण द्या, बघू. बरोबर लिहिलंय की सगळं.

आरती : थोडासा वाढवलेला ठेवता येईल? बंद पडणार नाही इतपत?

सुनील : येईल. पण तापमानावर नजर ठेवावी लागेल. नव्वदच्या वर गेलं की स्पीड खाली आणायचा. एडिटिंग करता करता तुम्हाला जमेल ते?

आरती : मला नको. आबांना दाखवून ठेवा.