हळदीच्या आदल्या दिवशीची मॅच

आमी वळ गावचेच, पिढ्यान् पिढ्या. माजं नाव बाळाराम. बापसाची भाताची जमीन व्हती, आता तिथं सगळी गोडाऊनं हायत, माज्या शेतावर जे गोडाऊन हाय ना, त्याच्याच गेटावर मी ड्युटी करतो, हसू नका, आमच्या गावात कितीतरी लोक आसंच करतात. तर त्या गोडाऊनमध्ये एकदा खेळाच्या सामानाचा खोका फुटला, मॅनेजर भला मानूस, बोलला काका, एक रॅकेट घेऊन जा पोरीला. माजी एकच पोर, दर्शना, तवा सात वर्सांची व्हती. तिथनं सगळं सुरू झालं.

काय सांगू तुमाला, बॉल मारून मारून तिनं गोडाऊनचा पत्रा चेपवला. मंग मी घराच्या मागं तिला टेनिसची जागा करून दिली, कशी, तर भात झोडायला आमी खळं करायचो तशी, माती चोपली, पानी मारलं, शेनानं सारवली. ठाण्याचे टेनिस शिकवनारे सर बघायला आले, त्यांनी कपाळाला हात लावला, बोलले काका, याच्यावर बॉल उडनार कसा. न्हायच उडाला. मंग पोर ठाण्याला शिकायला जाया लागली, आनि तिला न्यायचं कोनी, तर माज्या आयशीनं. म्हातारी लुगडं नेसून, पदरात चने बांधून, जाळीला टेकून बसायची. तिला सगळं कळायचं, कोन पुढं, कोन मागं. फक्त पॉइंट मोजताना पंधरा, तीस झाल्यावर पंचेचाळीस सोडून चाळीस कशाला, यावरनं ती सरांशी रोज भांडायची. बारा वर्सं, ऊन न्हाय बघितलं, पाऊस न्हाय बघितला, म्हातारी पोरीच्या मागं.

गेल्या साली म्हातारी गेली. दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला, आमची सगळी भावकी जमलेली, फक्त बापये, बाया घरी. कावळे झाडावर बसलेत पन एक खाली उतरंना. म्हंजे म्हातारीची काय तरी इच्छा ऱ्हायलीय. मंग जो तो पुढं जाऊन बोलतो, भाऊस बोलला आये, आमी भांडनार न्हाय, मी बोललो आये, घर इकनार न्हाय. कावळा हलंना. ऊन डोक्यावर आलं, लोक चुळबूळ कराया लागले. तवा चुलता बोलला, बाळाराम, म्हातारीचा जीव नातीत आडकलाय, तिच्या लग्नाचं बोल. मी हात जोडले, बोललो आये, वर्साच्या आत दर्शनाचं लगीन करतो, तिचा खेळ बंद, तिला संसाराला लावतो. आनि कावळा शिवला. सगळ्यांनी बघितला. मेल्या मानसाला दिलेला शबूद, तो मोडायचा कसा, तुमीच सांगा.

पोरीला घरी येऊन सांगतलं तर ती रडली न्हाय, भांडली न्हाय, तांदूळ निवडत व्हती ती निवडत ऱ्हायली. अंबाडी गावचं स्थळ आलं, घर चांगलं, जावय पन चांगला, त्याला मी कवा नाव ठेवनार न्हाय. तारीख ठरली, मांडववाला ठरला, आनि मंग सर आले. बोलले, मुंबईला बायांची मोठी स्पर्धा हाय, देशोदेशीच्या पोरी येनार, ज्यांचा हा धंदाच हाय अशा. दर्शनाला आधीच्या फेरीत जागा मिळाली हाय, दोन मॅच जिंकल्या की खऱ्या स्पर्धेत नाव. मी तारीख बघितली. पयली मॅच हळदीच्या आदल्या दिवशी, दुसरी हळदीच्या दिवशी. आनि आमच्यात हळदीला मांडवात देव बसले की नवरीनं वेस वलांडायची न्हाय.

मी बोललो, जा, खेळ. लय मोठ्या मनाचा बाप, हाय ना? खरं सांगू, मना वाटलं परदेशी पोरी, पयल्याच मॅचला हरंल, हौस फिटंल, संध्याकाळी घरी. म्हनून सोडली मी तिला.

मी सोबत गेलो. समोर एक उंच गोरी पोर, तिचा सर वेगळा, तिचं आंग चोळनारी बाय वेगळी. पयला सेट दर्शना हरली. खोटं न्हाय बोलनार, बरं वाटलं मना. दुसरा जिंकली. तिसऱ्याला लोक उठून उभे ऱ्हाया लागले, आनि मी, तिचा बापूस, हात जोडून देवाला बोलत व्हतो, हरव रे, हरव माज्या पोरीला. असा बाप कुटं बघितलाय तुमी? देवानं न्हाय ऐकलं. शेवटचा बॉल त्या गोरीनं जाळीत मारला, आनि माजी पोर रॅकेट टाकून माज्याकडं धावत आली, घामानं भिजलेली, हसत, लहानपनी हसायची तशी. आनि मी बोललो, चल, घरी पावने आलेत.

तिचं हसनं गेलं ना, ते मी माज्या या डोळ्यांनी बघितलं.

सर हाता-पाया पडले, काका, उद्या एकच दिवस. मी न्हाय म्हनून मान हलवली. मंग स्पर्धावाल्यांच्या टेबलावर जाऊन नाव काढायचं व्हतं, तिनं खांदा दुखतो म्हनून सांगतलं. डॉक्टरनं खांदा दाबून बघितला, ती खोटीच कळवळली. नवरी हाय, बापूस सोडत न्हाय, असं तिनं त्या लोकांना सांगतलं न्हाय. माजी लाज राखली.

आमी गाडीत बसलो. गावाजवळची नारपोली आली तवा ती बोलली, बाबा, आजी मना दवाखान्यात बोलली व्हती, मी मेले तरी तू थांबू नको, त्या मोठ्या बायांच्यात खेळ. मी बोललो, मंग मना आधी कशाला न्हाय सांगतलंस? ती बोलली, तू खाडीवरनं येताना ठरवूनच आलास. मना इच्यारलंस कुटं?

दुसऱ्या दिवशी हळद झाली, सगळा गाव नाचला, मी पन नाचलो. आता मी इचार करतो, त्या कावळ्याला नुसती भूक लागली आसंल. एवढं ऊन झालं व्हतं. भावकीला बोललो मी तसं, तर चुलता बोलला, बाळाराम, असं बोलू नये.

सासरी तिचं बरं चाललंय. जावय बोलतो खेळ, मी कुटं आडवतो, पन ती रॅकेटला हात लावत न्हाय. परवा माहेरी आली व्हती, मना वाढत व्हती. मी धीर केला आनि इच्यारलं, बाय, तुजी काय इच्छा हाय, सांग, मी करीन. तिनं ताटात भात वाढला. बोलली, आता काय न्हाय बाबा, जेव, थंड व्हतंय. मी जेवलो. देव तिला सुखी ठेवो, दुसरं काय मागू, मॅचच्या दिवशी मागायचं तेच मी उलटं मागून बसलो.