घोरण्यावरच्या गोळ्या

नाही हो धर्मराज, डॉक्टरबिक्टर कुठला — शिरवण्याच्या नाक्यावर होमिओपॅथीचं दुकान आहे ना, तिथे नुसतं सांगायचं, घोरण्यावरचं द्या, की देतो तो बाटली. साबुदाण्याएवढ्या गोळ्या. बसा ना, बाकडं काय माझ्या एकट्याचं नाही. शर्मिलावहिनींनी पाठवलं ना? वाटलंच — आमची नंदिनी अख्ख्या सोसायटीला सांगत सुटलीय, यांचं घोरणं गेलं म्हणून. तर चार गोळ्या, दिवसातून तीनदा, झाकणात घ्यायच्या आणि थेट जिभेवर, हात लावायचा नाही. कॉफी बंद, कच्चा कांदा बंद. दोन महिने भेळ खाल्ली नाही मी.

गुण? येतो की. म्हणजे — येत असेल. आता वहिनी बिचाऱ्या तुमच्यापायी जागतात म्हणून सांगतो, वर कुणाला बोलू नका. गुण येतो की नाही मला काय माहीत, रात्री झोपलोय कुठे मी? हसू नका. नंदिनी आधी दोन वर्षं स्वयंपाकघरात झोपायची, ओट्याखाली पाय घालून — वन रूम किचन, जाणार कुठे. मग चार दिवस म्हणून उरणला बहिणीकडे गेली ती चार महिने. भांडण नाही हां — फोनवर नीट बोलायची, जेवलात का विचारायची, पण यायचं नाव नाही. शेवटी मी ही बाटली घेतली, उरण गाठलं, म्हटलं, गेलं बघ घोरणं, चल घरी. खोटंच. झाकणसुद्धा उघडलं नव्हतं तोवर. आली बिचारी. पहिली रात्र मी भीतीनेच जागून काढली — आणि सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली, "किती वर्षांनी झोपले हो मी." आता यावर माणूस दुसऱ्या रात्री घोरेल का?

गोळ्या घेतो हां, रोज, न चुकता. पण झोप सगळी गोडाऊनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, पोत्यांवर. दत्तू हमाल म्हणतो, साहेब झोपले की उंदीर फिरकत नाहीत इकडे. म्हणजे बघा काय गुण आलाय तो. परवा ट्रकचा नंबर चुकीचा लिहिला, दुसऱ्यांदा. मालकाने केबिनमध्ये बोलावून विचारलं, दुपारची घेता का. नोकरी जाईल एखाद दिवस, कळतंय मला.

सांगून टाकू तिला? टाकणार होतो. पण हल्ली ती मधेच उठते. इतके गप्प झोपता की भीती वाटते, म्हणते. माझ्या छातीवर हात ठेवून बघते, श्वास चालू आहे ना. मी आपला डोळे मिटून पडलेला. लग्नाला बावीस वर्षं झाली, धर्मराज, असा हात तिने कधी ठेवला नव्हता. मला तो हात हवाय. बस, दुसरं काही नाही.

जा आता तुम्ही. नाहीतर — थांबा, पाच मिनिटं बसा, डोळे उघडे राहत नाहीत माझे. ती बघा आमची गॅलरी, तिसरा मजला, येईल आता ती दोरीवरचे कपडे काढायला. माझा आवाज सुरू झाला तर हलवा मला, जोरात हलवा, लाजू नका. गोळ्यांचं सांगत होतो ना — झाकणातून, थेट जिभेवर, आणि हात — हात तेवढा लावायचा —