पोपटरावांची लाल गाडी

कोंडिबा: आन् ती पांढरी घेऊन करायचं काय? दवाखान्याची गाडी आली म्हणून लोकं घरातनं पेशंट बाहेर आणून ठेवतील.

विनोद: आबा, हळू बोला. पोपटराव आत जेवतायत. त्यांच्याच अंगणात उभे आहोत आपण.

कोंडिबा: ऐकू दे की. त्यांच्या गाडीला कुठं नावं ठेवतोय मी. तू दौंडात बघून आलास त्या गाडीला ठेवतोय.

विनोद: आमच्या स्टेशनवरच्या गार्डसाहेबांची गाडी एका माणसानं वापरलेली आहे. घर ते स्टेशन, स्टेशन ते घर. एक ओरखडा नाही.

रश्मी: ओरखडा येईल कसा, पप्पा? ते ती बाहेरच काढत नाहीत. सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच आहे, बसलं की चर्र वाजतं. समोर ते मान हलवणारं कुत्रं बसवलंय.

विनोद: कुत्रं काढता येतं.

रश्मी: मग गाडीत राहिलं काय?

कोंडिबा: हिच्याकडं बघ जरा. लाल. चाकं कशी चांदीवानी चकाकत्यात. मागं ते काय बसवलंय, फळी?

रश्मी: स्पॉयलर म्हणतात आबा.

कोंडिबा: त्यानं काय व्हतं?

रश्मी: काही नाही होत. छान दिसतं.

कोंडिबा: मग बरोबर हाय.

विनोद: रश्मी, तू तरी विचार कर. ही गाडी पोपटरावांच्या सार्थकनं वापरलीय. त्या पोरानं चालवली नाही, पिदडलीय. शिरूरच्या बाजारात म्हशींच्या मधून हॉर्न वाजवत नेतो तो.

रश्मी: शिरूरच्या मेस्त्रीला इथं आणून दाखवली मी परवा. इंजिन ठणठणीत आहे म्हणाला. आणि पप्पा, गाडी चालवणार मी आहे. कंपनीची सेकंड शिफ्ट सुटली की रात्री सणसवाडीच्या चौकात जीपची वाट बघत मी उभी असते. गच्च भरल्याशिवाय ती हलत नाही. ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून मी शिक्रापूरपर्यंत येते, तिथनं पुढं न्हावऱ्याला दुसरी जीप. तुम्ही दौंडला क्वार्टरमध्ये झोपलेले असता तेव्हा.

विनोद: म्हणून तर घेतोय ना गाडी. मी नाही म्हणालो का? फक्त लाल कशाला म्हणतो. गावाच्या डोळ्यात येईल.

कोंडिबा: यावी म्हणूनच घ्यायची. तुला तिकिटाच्या खिडकीत नोकरी लागली आन् तू भिंतीच्या रंगाचा झालास. शर्ट करडा, प्यांट करडी. आता पोरीला गाडीबी अशी, की समोरनं गेली तरी कुणाला कळू नये.

विनोद: त्या करड्या शर्टावर तुमची नात शिकली.

कोंडिबा: शिकली ना? मग तिला इचार कंची पायजे.

पोपटराव: कंची पायजे म्हंजी? हीच पायजे. या या, कोंडिबाआप्पा. उभे का तुम्ही? ए, खुर्च्या आणा रे बाहेर. विनोदसाहेब, बसा.

कोंडिबा: पंचाहत्तर वर्सं कोंड्या व्हतो, पोपटराव. आज आप्पा झालो. गावात कायतरी घडलं म्हणायचं.

पोपटराव: तुमची थट्टेची सवय जायची न्हाई बगा. वयाला मान द्यायचा का न्हाई मानसानं?

कोंडिबा: द्या की. आमी कुठं नगं म्हणतोय. उशिरा आला तरी घेऊ.

पोपटराव: तर ही गाडी. सार्थकला आता मोठी घेतलीय, ही दारात बसून हाय. पर विनोदसाहेब, एक सांगा, पोरीला गाडी कशापायी? लगीन झालं की नवरा फिरवंल तिला.

रश्मी: तोपर्यंत कामावर कशी जाऊ, काका?

पोपटराव: बोलती चांगली. क्लच, ब्रेक कुठला कुठं असतो माहीत हाय न्हवं?

रश्मी: लायसन आहे माझं. सार्थकदादाकडे आहे का?

पोपटराव: त्याला ह्या तालुक्यात कोण इचारतंय लायसन.

रश्मी: ते माहिती आहे. म्हणूनच तर मेस्त्रीला दाखवली.

पोपटराव: घे मग चावी. न्हावरा फाट्यापातूर जाऊन येऊ. मी फुडं बसतो. मधीच बंद पडली तर ढकलायला माणूस पायजे.

रश्मी: आबा, पप्पा, मागे बसा. दार नीट ओढून घ्या. काका, पट्टा लावा.

पोपटराव: पट्टा? माझ्याच गाडीत?

रश्मी: पट्टा लावल्याशिवाय मी गिअर टाकणार नाही.

पोपटराव: आप्पा, नात लई कडक हाय तुमची. घे, लावला. काढ आता. बंद पडली बघ. म्हणलं व्हतं ना मी?

रश्मी: क्लच खूप वर धरतो, घासून ठेवलाय तुमच्या मुलानं. आता नाही पडणार.

कोंडिबा: मऊ हाय गं. कापसाच्या गादीवर बसल्यावानी वाटतंय. ही काच खाली कशी व्हती?

रश्मी: बटण दाबा आबा, हाताजवळ आहे.

कोंडिबा: आपोआप गेली की. विनोद, बघ, हात न लावता गेली. पाराकडनं ने पोरी. भैरू बसला असंल तिथं, त्याला दिसू दे.

विनोद: आबा, हात आत घ्या.

पोपटराव: पुढं उसाचा ट्रॅक्टर हाय. मागं ऱ्हा. तुला जमायचं न्हाई.

रश्मी: समोरून कोणी येत नाही. हॉर्न दिलाय.

पोपटराव: अगं... बरं. गेली. जमलं.

कोंडिबा: काय पोपटराव, बघितलं का?

पोपटराव: बघितलं की. बाईमाणूस ट्रॅक्टर मागं टाकून गेलं, त्यो ट्रॅक्टरवाला आज जेवायचा न्हाई. वळव आता हितनं. घरी बसून बोलू.

रश्मी: पप्पा, हीच घ्यायची. मी पगारातनं बाजूला टाकलेत, तुम्ही म्हणालात तेवढे तुम्ही घाला. कमी पडले तर सांगते.

विनोद: आधी किंमत तर ऐकू.

पोपटराव: किमतीचं काय घेऊन बसलाय. आलो, उतरा. चहा सांगितलाय. आता नीट ऐका, साहेब. ह्या गाडीला बाजारात जे मिळतंय ना, त्याच्या निम्मं तुमी द्या. निम्मंच. तेबी जमंल तसं.

रश्मी: निम्मं? का?

पोपटराव: गावची पोर हाय म्हणून. फकस्त एक करायचं. मी गाडी इकली असं कुठं बोलायचं न्हाई. पोपटरावांनी दिली म्हणायचं. कोंडिबाच्या नातीला, नोकरीला जायला, पोपटरावांनी आपल्या दारातली गाडी दिली. बास.

विनोद: आणि आम्ही दिलेले पैसे?

पोपटराव: ते तुमच्या-माझ्यात. कुणाला कळायचं कारण काय? फेब्रुवारीत जिल्हा परिषद हाय, तुमाला ठावं हाय. मी उभा राहतोय. तुमची वस्ती दर येळेला दुसरीकडं जाती. म्हणलं, आपण आपल्या वागण्यातनं दाखवू. एक दिवस गाडीला फुलं बांधू, वस्तीत आणून सोडू, एक फोटो काढू. पोरीनं चावी हातात घ्यायची, मी द्यायची. आप्पा शेजारी उभे.

रश्मी: म्हणजे पैसे आम्ही देणार आणि फोटो तुमचा?

पोपटराव: तुझं जातंय काय? निम्म्या किमतीत पायजे ती गाडी मिळती.

रश्मी: आबा, तुम्ही काही बोला.

कोंडिबा: मी काय बोलू. गाडी झाक हाय.

विनोद: पोपटराव, आम्ही गाडी विकत घ्यायला आलो होतो.

पोपटराव: मग विकतच घेताय की, साहेब. निम्म्यात.

विनोद: निम्म्यात आम्ही गाडी घेतोय. उरलेल्या निम्म्यात तुम्ही आमची वस्ती घेताय. पूर्ण किंमत सांगा. ती देतो. आणि विकली म्हणा.

पोपटराव: विकली म्हणू? पोपटरावाच्या घरानं गाडी विकायला काढली, तीबी तुमाला, असं निवडणुकीच्या तोंडावर म्हणू? डोकं फिरलंय का तुमचं? दौंडात खुर्चीवर बसून बसून माणूस गाव इसरतं. ह्याच अंगणात तुमचा म्हातारा आमच्या वडलांची जीप धुवायचा. बादलीनं पानी आणून. आज त्याच्या नातीला मी हितनं गाडी देतोय, त्याची काय किंमत हाय का न्हाई?

विनोद: आहे. म्हणूनच ती पूर्ण देऊन घ्यायचीय, दान नको. रश्मी, चावी दे त्यांना.

रश्मी: पप्पा...

विनोद: दे चावी.

पोपटराव: बघा, इचार करा. दुसरा असता तर पाया पडला असता.

विनोद: आबा, चला. चहा घरी घेऊ.

पोपटराव: कोंडिबा, पोराला समजाव. शहाणा झालाय लई.

कोंडिबा: आप्पा म्हणत व्हता मगाशी. एवढ्यात उतरला व्हय मान? चल पोरी, काठी दे माझी.

रश्मी: आता चालत जायचं घरी. गाडी बघायला आलो होतो आपण, गाडी बघायला.

विनोद: तुला राग आलाय.

रश्मी: येणार नाही तर काय? तुम्ही आयुष्यभर सगळ्यांना हो हो करता. साहेबांना हो, शेजाऱ्यांना हो. आणि एका गोष्टीला नाही म्हणालात, ती नेमकी माझी. पूर्ण किंमत ते घेणारच नव्हते, तुम्हाला माहिती होतं.

विनोद: माहिती होतं.

रश्मी: मग एक फोटो काढला असता तर काय झालं असतं? भिंतीवर लागला असता चार महिने, नंतर फाटला असता.

विनोद: गाडी त्यांनी दिली, हे मात्र फाटलं नसतं. तू ती दहा वर्षं चालवली असतीस आणि दहा वर्षं ती त्यांची गाडी राहिली असती. एखाद्या मीटिंगला पाठवा म्हणाले असते, पाठवावी लागली असती. तुला रस्त्यात थांबवून आत बसले असते.

रश्मी: आबा, तुम्हालाच हवी होती ना सगळ्यात जास्त?

कोंडिबा: व्हय. पायजे व्हती.

रश्मी: जीप खरंच धुवायचात तुम्ही?

कोंडिबा: रोज. शेणानं, चिखलानं भरलेली यायची. पुसून आरशावानी करायचो. पोपटरावाचा म्हातारा जिता व्हता तवर एक डाव बी आत बसाय सांगितलं न्हाई. मी बी मागितलं न्हाई. आज त्याच घरची गाडी, आन् माझी नात चालवतीया, त्या म्हाताऱ्याचा पोरगा शेजारी पट्टा लावून बसलाय. मला वाटलं, देवा, हे जरा दिसू दे गावाला. मग त्यो म्हणला, दिली म्हणायचं. तवा कळलं, मी अजून बादली घेऊनच उभा हाय.

विनोद: तुम्ही गाडी झाक आहे म्हणालात, तेव्हा मला वाटलं तुम्ही घ्या म्हणताय.

कोंडिबा: गाडी झाकच हाय. खोटं कशाला बोलू. पर मला जे बोलता आलं न्हाई ते तू बोललास.

रश्मी: म्हणजे आता ती पांढरी.

कोंडिबा: आता ती पांढरी. दवाखान्याची.

(पुढचा रविवार, दुपार. गार्डसाहेबांची पांढरी गाडी घेऊन तिघं दौंडहून आपल्या गावाकडे, निमोण्याला येताहेत. कोंडिबा पुढे, रश्मीच्या शेजारी, विनोद मागे.)

कोंडिबा: ही एवढीच पळती का?

रश्मी: एवढीच पळते आबा. आणि चौथ्या गिअरमध्ये थरथरते.

कोंडिबा: बैलगाडीतनं बी माणूस ह्याच्या आधी पोचंल. आन् हे काय, काच गोल गोल फिरवायची? दळण दळल्यावानी.

विनोद: मेंटेनन्स नाही त्याला. बटण बिघडलं की खर्च.

रश्मी: ऐका. बिघडत नाही, कारण बिघडायला काही नाहीच यात.

विनोद: तुझा आवाज आनंदी येतोय मात्र.

रश्मी: आनंदी नाहीये मी. ही गाडी चालवताना मला पन्नास वर्षांची झाल्यासारखं वाटतंय. कंपनीच्या गेटवर वॉचमन मला मॅडम म्हणेल, मग गाडी बघेल आणि काकू म्हणेल.

कोंडिबा: रंग देता येतो का गं हिला?

विनोद: आबा, आत्ताच घेतलीय.

कोंडिबा: आज द्या म्हणलं का मी? दिवाळीला. लाल न्हाई. लाल आता डोळ्याला नगं वाटतंय. निळा द्या. चांगला गडद निळा.

रश्मी: निळा चालेल मला.

विनोद: गावाच्या डोळ्यात येईल.

कोंडिबा: तू म्हणतीस का गं, पोरी, का मी म्हणू?

रश्मी: आपण दोघं मिळून म्हणू. पप्पा, येऊ दे.

विनोद: बरं. निळा.

रश्मी: पप्पा, भैरूमामा सांगत होते, पोपटराव पारावर म्हणतायत, मी देत होतो गाडी, कोंडिबाच्या पोरानं घेतली नाही, माज आलाय.

विनोद: म्हणू दे.

कोंडिबा: म्हणू दे कशाला? लई चांगलं म्हणतोय. आपण सांगत फिरलो असतो तर कुणाला खरं वाटलं नसतं. आता त्यो सोताच्या तोंडानं सांगतोय, दिली आन् घेतली न्हाई. सगळा पार ऐकतोय. पोरी, थांबव हितं.

रश्मी: इथं? गाव तर समोरच आहे आबा. काय झालं, गरगरतंय का?

कोंडिबा: काय न्हाई झालं. दार उघड. मी मागं बसतो. विनोद, तू फुडं ये.

विनोद: कशाला, आबा? मागे पाय दुमडून बसावं लागतं, तुमचे गुडघे दुखतील.

कोंडिबा: दुखू देत. पारावर सगळी बसली असतील, त्यांना तू दिसायला पायजे. तू ये फुडं.