इंजिनाचं पीठ

शहाद्याला इंजिनाची चक्की नवीनच आली होती. सुनेचे हात दुखू नयेत म्हणून जसोदाबाईनं जातं कोपऱ्यात सारलं, गावभर मिरवलंही. पण तेव्हापासून सून घरात सावलीसारखी फिरायची. का, ते काही कळेना. आज चक्कीच्या रांगेत इंजिनाच्या पुकपुकीनं जसोदाबाईचे डोळे जड झाले होते, आणि मागे उभ्या लोणखेड्याच्या दोघी म्हाताऱ्यांचं बोलणं स्वप्नातल्यासारखं कानावर येत होतं.

“तुन्ही सून बोलस का व तुन्हासंगे?”

“‘हा’ आनि ‘नही’. बस.”

“पहिले बोले?”

“तव्हय बी नही. पन पाह्यटे जात्यावर गाये. मी आथरूनमा पडी पडी आयकू. मायनी याद उनी का ओवीमा माय. डोकं दुखनं का ओवीमा डोकं.”

“आनि तुन्ही चुगली?”

“ती बी ओवीमा ये! मी झोपनं सोंग करू. पन दुसरा दिन डाळमा मीठ कमी टाकू.”

“मंग आते?”

“आते इंजिन शे. घर गपगार. मन्हं काय चुकस, कोन सांगी?”

“येडी शेस. मूठभर बाजरी जात्यासाठे घर ऱ्हाऊ दे. सुनले सांग, ‘इंजिननं पीठ मले पचत नही.’”

“खोटं बोलू?”

“खोटं कसं? पचस का तुले?”

इंजिन पुकपुकत राहिलं.

“ओ जसोदामाय!” चक्कीवाला धुडकू ओरडला. “तुन्हा नंबर उना! कोठे चालनी?”

जसोदाबाई बाजरीची पाटी तशीच डोक्यावर घेऊन घराच्या वाटेला लागली होती.

“तुन्हं पीठ जाडंभरडं येस रे,” ती मागे न बघता म्हणाली.