एकादशीची पंगत

बालाघाटच्या स्टँडवर लांजीची मोटर यायचं नाव घेत नव्हती, म्हणून दुर्गाबाईचे कान मागच्या बाकावर बोलणाऱ्या दोन गड्यांकडं गेले.

"महागूकाका, गावच्या एकता समितीच्या पंगतीले गेलते का?"

"हौ. साऱ्या जातीची एकच पंगत होती."

"मंग, बसले सारे?"

"बसले ना, मांडीले मांडी लावून."

"जेवले?"

"एकादशी होती ना बाप्पा! बाकीच्या जातवाल्याईले उपास. भात वाढला, तं हात जोडून आमच्या तोंडाकडं पाह्यत बसले. आमीच बौद्ध जेवलो."

"असा दिवस कोनं ठरवला?"

"समितीनं."

"तुमी तं समितीतच हाय ना!"

"हौ. धम्म घेतल्यापासून आमच्या घरी एकादशी कोन पाह्यते? त्या तारखेले म्या बी हात वर केलता."